न बोललेला विषय : थायलंडातील आईबाप आणि वयात येणारी मुले

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या भाषणात संस्थेचे गुणगान करावे असा आपल्याकडे रिवाज आहे. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम केले आहे, त्यात मी भर घालीत नाही. चिटणिसांनी मला विषय दिला तो 'पालक आणि वाढती मुले'. या विषयाची एक बाजू अशी आहे की तिच्याबद्दल आपण सभेत बोलत नाही आणि घरातही बोलत नाही. वयात येणाऱ्या मुलामुलींचे लैंगिक आरोग्य ही ती बाजू. आज मी तिच्याचविषयी बोलणार आहे. मात्र बोलणार आहे ते थायलंड या देशाला समोर ठेवून. याला कारण आहे. आपल्या आढ्याची कोळिष्टके आपल्याला दिसत नाहीत, शेजाऱ्याची चटकन दिसतात. शेजाऱ्याकडे जाऊन आले की मग आपलीही मान सहज वर होते.

शेजारीही असा निवडावा की ज्याचे घर आपल्या घरासारखे आहे. थायलंड तसा आहे. तिथे वडीलधाऱ्यांचा मान मोठा आहे, आईबापांचे ऋण जन्मभर फेडायचे असते, देवळात जाण्याचा प्रघात आहे आणि चारचौघांत कोणाचा पाणउतारा करू नये हा शिष्टाचार आहे. त्यांच्या भाषेतही आपले पुष्कळ शब्द जाऊन बसले आहेत. लैंगिक शिक्षणाला ते 'फेत-सुक्सा' म्हणतात. यातला 'सुक्सा' म्हणजे संस्कृतातील 'शिक्षा', शिकवणे या अर्थाची. आणि 'फेत' हे 'वेष' या शब्दाचे थाई रूप. शब्द आपल्या ओळखीचे आहेत. त्यांच्याभोवतीचा संकोचही आपल्या ओळखीचा आहे.

आता एक आश्चर्य सांगतो. हा संकोच ज्या देशातील घराघरांत आहे, त्याच देशाने हा विषय भर रस्त्यावर आणून दाखवला. १९६० नंतरच्या दशकात थाई स्त्रीला सरासरी सहा मुले होत. १९७० साली सरकारने लोकसंख्येचे धोरण स्वीकारले. पुढे १९७४ मध्ये मीचाय वीरवैद्य या गृहस्थांनी कुटुंबनियोजनाचे काम खेडोपाडी नेणारी एक संस्था काढली. वीरवैद्य हे त्यांचे खरेच आडनाव आहे. आईबाप दोघेही डॉक्टर होते. या माणसाने निरोध गावच्या दुकानात मीठ-मिरचीशेजारी ठेवला. जत्रेत निरोध फुगवण्याच्या शर्यती लावल्या. साधनांवर भिक्षूंकडून तीर्थ शिंपडवून घेतले, म्हणजे भाविक बायकांच्या मनात पापाची शंका राहू नये. लोक हसले, आणि हसता हसता त्यांची भीड चेपली. पुढे तर निरोधालाच तिथे 'मीचाय' म्हणू लागले. १९९० च्या आगेमागे मुलांची सरासरी दोनवर आली. या कामाबद्दल मीचाय यांना १९९४ साली रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एड्सच्या बाबतीतही असेच झाले. त्या देशात पहिला रुग्ण १९८४ साली आढळला. १९९१ मध्ये पंतप्रधान आनंद पन्यारचुन यांच्या सरकारात मीचाय मंत्री झाले, आणि रेडिओ व टेलिव्हिजनवर तासातासाला या रोगाची माहिती सांगितली जाऊ लागली. वेश्यागृहांत निरोधाची सक्ती झाली. त्या १९९१ सालात सुमारे १ लाख ४० हजार लोकांना नवी लागण झाल्याचा अंदाज आहे. २००३ पर्यंत हा आकडा २० हजारांच्या आत आला. आईकडून बाळाला होणारी एच.आय.व्ही.ची आणि उपदंशाची लागण आटोक्यात आणल्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली थायलंडला मान्यता दिली. असा मान मिळवणारा आशियातील तो पहिला देश.

एवढे ऐकून कोणालाही वाटेल की त्या देशाने हा प्रश्न सोडवलाच. पण खरा पेच इथेच आहे. विवाहितांची मुले कमी होत असताना कोवळ्या मुलींची बाळंतपणे मात्र वाढत गेली. १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे २००० साली सुमारे ३१ बाळंतपणे होत होती. २०१२ साली ती ५३ वर गेली. आणि त्याआधी, नोव्हेंबर २०१० मध्ये, बँकॉकमधील एका बौद्ध मंदिराच्या आवारात दोन हजारांहून अधिक गर्भ सापडले. बेकायदा गर्भपात करणाऱ्या ठिकाणांहून ते गुपचूप आणून ठेवलेले होते. सारा देश हादरला. त्या दोन हजारांतील प्रत्येकाच्या मागे एक बाई होती, आणि आपली अडचण उघडपणे कुठे न्यावी हे तिला माहीत नव्हते किंवा न्यायची सोय नव्हती. त्यांतल्या किती जणी शाळेच्या वयाच्या होत्या ते मी सांगू शकत नाही. पण ज्या समाजात प्रौढ बाईची ही गत, तिथे पंधरा वर्षांच्या पोरीने काय करावे?

रस्त्यावर इतके बोलणारा देश घरात का बोलू शकला नाही, हा माझ्या भाषणाचा मुख्य प्रश्न आहे.

त्याचे पहिले कारण त्यांच्या नित्याच्या बोलीत सापडते. थाई भाषेत 'मी' आणि 'तू' असे साधे, सर्वांना सारखे शब्द घरात वापरत नाहीत. वडील म्हणजे 'फो', आई म्हणजे 'मे', आणि मुलगी आईशी बोलताना स्वतःला 'नू' म्हणते. 'नू' म्हणजे उंदीर. "उंदराला भूक लागली", "उंदीर शाळेत जातो" अशा धाटणीचे हे लाडके, लीन बोलणे आहे. लहानपणी ते गोड वाटते. पण तीच मुलगी पंधरा वर्षांची झाली, आणि एखाद्या मुलावर तिचे मन बसले, किंवा पाळी चुकली, तर त्या उंदराने आईला कोणत्या तोंडाने विचारावे? तिच्या जिभेवर आलेला पहिला शब्दच तिला लहान करून टाकतो. इकडे आईलाही वाटते की हिच्याशी असले काय बोलायचे, ही तर अजून उंदीरच आहे.

दुसरे कारण म्हणी सांगतात. थाई लोकांत एक म्हण आहे, 'ची फ्रोंग हाय क्रारोक'. म्हणजे खारीला झाडाची ढोली दाखवणे. खारीला ढोली माहीत नव्हती, तुम्ही बोट करून दाखवलीत, आता ती आत शिरणारच! शाळेत लैंगिक शिक्षणाचा विषय निघाला की तिथले पालक हीच म्हण पुढे करतात. दुसरी एक जुनी म्हण फार कडू आहे. घरात मुलगी असणे म्हणजे दारापुढे शौचकूप असणे, असे ती सांगते. केव्हा दुर्गंधी सुटेल आणि घराची अब्रू जाईल याचा नेम नाही, असा तिचा भाव. मुलग्याविषयी मात्र अशी म्हण नाही. त्यामुळे मुलीला मिळतात त्या ताकिदी, आणि मुलाला मिळते ते मौन. मुलीला सांगतात, शिक्षणाच्या वयात मित्र करू नकोस, रात्री उशीर करू नकोस, स्वतःला जप. जपायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगायचे राहून जाते. मुलाला तर तेवढेही कोणी सांगत नाही. तो मित्रांकडून शिकतो, आणि आजकाल हातातल्या फोनवरून शिकतो.

तिसरे कारण पोटापाण्याचे आहे. थायलंडचा ईशान्य भाग 'इसान' या नावाने ओळखला जातो. हाही आपला 'ईशान' शब्दच. तिथून आईबाप कामासाठी बँकॉकला किंवा कारखान्यांच्या गावी जातात, आणि मुले आजीआजोबांजवळ वाढतात. देशातील पाचांतले सुमारे एक मूल आईबापांपैकी कोणाजवळच राहत नाही. ज्या आजीने आपल्या मुलीशी हा विषय काढला नाही, तिच्यावर आता नातीला सांगण्याची वेळ आली आहे. हा भार त्या म्हातारीने पेलावा अशी अपेक्षा करणेही कठीण.

मग शाळा? तिथे १९७८ पासून हा विषय शिकवला जातो. पण शिक्षक हे कोणाचे तरी आईबापच असतात, आणि तो संकोच त्यांच्याबरोबर वर्गात येतो. शरीराची आकृती फळ्यावर काढायची, रोगांची नावे घोकून घ्यायची, भीती घालायची आणि तास संपवायचा, असे पुष्कळ ठिकाणी चालत आले. नाही कसे म्हणावे, संमती कशाला म्हणतात, लाज वाटली तरी मदत कुठे मागावी, या गोष्टी बाजूला राहिल्या.

असो. दोष दाखवणे सोपे असते. थायलंडने पुढे काय केले तेही सांगितले पाहिजे. २०१६ साली तिथे किशोरवयीन गर्भधारणेच्या प्रतिबंधाचा आणि निवारणाचा स्वतंत्र कायदा झाला. दहा वर्षे पूर्ण झालेल्या व वीस वर्षांच्या आतील प्रत्येकाला या बाबतीत माहिती मिळण्याचा, आरोग्यसेवा मिळण्याचा, गुप्तता राखली जाण्याचा आणि स्वतःविषयी निर्णय घेण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. शाळांनी वयाला साजेसे शिक्षण द्यावे आणि गरोदर विद्यार्थिनीचे शिक्षण थांबू नये यासाठी साहाय्य करावे, असेही त्यात सांगितले. १६६३ या क्रमांकावर दूरध्वनी करून एड्सविषयी किंवा नको असलेल्या गर्भधारणेविषयी सल्ला विचारता येतो. २०२१ साली कायदा बदलून बारा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात स्त्रीच्या इच्छेनुसार करता येऊ लागला, आणि २०२२ पासून समुपदेशनानंतर ही मुदत वीस आठवड्यांपर्यंत गेली. या काळात मुलींच्या बाळंतपणांचे प्रमाणही उतरले. हजारी ५३ वरून २०२० नंतर ते ३० च्या खाली आले. हे मोठेच यश आहे.

परंतु अलीकडच्या वर्षांत १५ ते २४ या वयोगटात उपदंश वाढत असल्याचे तिथल्या रोगनियंत्रण विभागानेच सांगितले आहे. म्हणजे गर्भ राहू नये एवढी युक्ती मुलांना कळली. शरीराची काळजी म्हणजे काय, हे सर्वस्वी कळले असे म्हणवत नाही. कायदा दवाखान्याचे दार उघडून देतो. दवाखान्यात जाण्यापूर्वीचा जो प्रश्न असतो, "मी काय करू?", तो मूल कोणाला तरी विचारते. तो कोणाला विचारायचा, हे कायदा ठरवू शकत नाही.

आता एक प्रयोग सांगतो. माझ्या मते या सर्व हकीकतीचे सार त्यात आहे. बँकॉकमधील सात विभागांतून ३४० कुटुंबे निवडण्यात आली. प्रत्येक घरात तेरा-चौदा वर्षांचे मूल होते. निम्म्या कुटुंबांना, चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने निवडून, पाच पुस्तिका देण्यात आल्या. दारू-तंबाखूपासून मुलांना दूर ठेवण्यासाठी अमेरिकेत तयार झालेल्या एका उपक्रमाचे हे थाई रूप होते, आणि त्यात लैंगिक आरोग्याचा भाग घातलेला होता. पुस्तिका घरी बसून आईबाप व मूल यांनी मिळून पुऱ्या करायच्या, आणि एका प्रशिक्षित कार्यकर्त्याने फोन करून त्यांना धीर द्यायचा, अशी योजना होती. सहा महिन्यांनी काय फरक पडला ते विचारले, आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष मोठे चमत्कारिक नाहीत, आणि म्हणूनच मला ते विश्वासार्ह वाटतात. पुस्तिका मिळालेल्या घरांतील मुलांनी सांगितले की आईबापांशी आमचे एकंदर बोलणे वाढले. लैंगिक विषयावरचे बोलणे मात्र थोडेसेच वाढले, आणि तेही आईबापांच्या सांगण्यावरून. पण ज्यांनी पुस्तिका नेटाने पुऱ्या केल्या, त्यांचा या विषयावर बोलतानाचा अवघडलेपणा कमी झाला.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आधी साधे बोलणे वाढले. अवघड बोलण्याची भीड त्यामागून कमी होऊ लागली. ज्या घरात शाळेचे, मैत्रिणीचे, पैशाचे, रागाचे बोलणे होत नाही, त्या घरात एके दिवशी बापाने मुलाला समोर बसवून "आता तुझे वय झाले आहे" असा उपदेश केला तर दोघेही घामाघूम होतील, आणि पुन्हा तो विषय कधी निघणार नाही. विहिरीला पाणी असेल तरच पोहरा भरून येतो. रोजचे बोलणे हे ते पाणी.

दुसरी गोष्ट, शिकवणी आईबापांची झाली. पुस्तिका त्यांच्या हातात दिल्या, फोन त्यांना केले. आपण नेहमी म्हणतो की मुलांना शिकवले पाहिजे. थाई अनुभव सांगतो की आधी मोठ्यांना शब्द दिले पाहिजेत. पुष्कळ आईबाप गप्प बसतात याचे कारण त्यांना मुलांची पर्वा नसते असे नाही. त्यांच्यापाशी त्या विषयाला दोनच भाषा असतात, एक शिवीची आणि एक डॉक्टरची. घरात बोलण्याजोगी तिसरी भाषा त्यांना कोणी दिलेलीच नसते.

आणि त्या खारीचे काय? ढोली दाखवली तर खार आत शिरेल ही भीती आपल्यालाही आहे. ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पण या भीतीची परीक्षा झाली आहे. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८ साली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. नीट दिलेल्या लैंगिक शिक्षणाने मुले लवकर त्या मार्गाला लागतात असे आढळले नाही, असे ती सांगते. मला तर वाटते की म्हणीतच चूक आहे. खार झाडावरच राहते. ढोली तिला कोणी दाखवावी लागत नाही. कोणत्या ढोलीत साप बसला आहे, हे मात्र कोणीतरी सांगावे लागते.

आता आढ्याकडे पाहू. मराठी माणसाला हा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यासाठी त्यांनी खटले सोसले, दारिद्र्य सोसले. इतक्या आधी ज्या भाषेत हे लिहिले गेले, त्या भाषेतील आईला आजही मुलीला पाळीविषयी सांगताना आवाज खाली घ्यावा लागतो. २००७ साली शाळांतील किशोरशिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्र, मध्यप्रदेश, कर्नाटक आदी राज्यांनी थांबवला, तेव्हा युक्तिवाद तोच होता, खारीचा. तेव्हा थाई लोकांकडे पाहून हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आपल्या न्यासाच्या वसतिगृहात मुले आणि मुली राहतात. त्यांचे आईबाप दूर गावी आहेत. इसानमधील आजीआजोबांच्या जागी तिथे आपण आहोत, हे विश्वस्तांनी विसरू नये. गेल्या पन्नास वर्षांत आपण त्यांना खोली दिली, जेवण दिले, शिष्यवृत्ती दिली. ताप आला तर कोणाला सांगायचे हे त्यांना माहीत आहे. याहून अवघड असे काही झाले तर कोणाला सांगायचे, हे त्यांना माहीत आहे का?

म्हणून माझी विनंती साधी आहे. महोत्सवाच्या वर्षात वास्तूला रंग द्यावा, कोनशिला बसवावी, यात गैर काही नाही. त्याबरोबर वर्षातून चार संध्याकाळी फक्त पालकांसाठी आणि वसतिगृहाच्या व्यवस्थापकांसाठी ठेवाव्यात. डॉक्टरांना बोलवावे, शिक्षिकांना बोलवावे, आणि मोठ्यांनी मोठ्यांशी या विषयावर बोलण्याचा सराव करावा. बापांनी अवश्य यावे. हे आईचे खाते आहे असे म्हणून पळ काढू नये. मुलांसाठीचे वर्ग त्यानंतर. आणि वसतिगृहात एक बाई व एक गृहस्थ असे नेमावेत की ज्यांच्याकडे कोणत्याही वेळी जाता येईल, आणि जे ऐकून घेण्याआधी रागावणार नाहीत.

यात आपली मर्यादा सुटेल, अशी भीती काहींना वाटेल. मर्यादा म्हणजे मौन असे मी मानीत नाही. आईबापांचा मान राखणारे मूल संकटात आईबापांकडेच येते, आणि तसे ते येते तेव्हाच तो मान खरा. थायलंडने बाजारात, देवळात, रेडिओवर, कायद्यात हा विषय बोलून पाहिला आणि त्याचे मोठे फळ मिळवले. जे राहिले ते घरातले राहिले. तेवढे काम करायला सरकार लागत नाही, निधी फारसा लागत नाही, रात्रीच्या जेवणाला टेलिव्हिजन बंद करून मुलाला "आज काय झाले?" एवढे विचारावे लागते, आणि तो जे सांगेल ते पुरते ऐकावे लागते.